शेवटच्या पानावरचं माप

"रायफल जुनी होती, म्हणून फुटली पोरी. माणूस घेऊन गेली," बाबांच्या तेराव्याला जेवून उठताना नेमबाजी क्लबचे सेक्रेटरी धारवाडकर काका म्हणाले. मग कपाटातली बाबांची वही काढून त्यांनी शेवटच्या पानाचा फोटो घेतला. घरी काडतुसं भरताना कोणत्या गोळीमागे किती दारू घालायची, हे बाबा त्या वहीत लिहीत.

"ग्रुपवर टाकतो. पोरं याच मापाने भरतील. हीच खरी श्रद्धांजली."

मी वही ओढून घेतली. "काका, बाबा प्रत्येक मापापुढे दारूच्या कंपनीच्या माप-पुस्तकातला पान नंबर लिहायचे. ताडून बघितल्याशिवाय एक काडतूस भरत नसत."

"तेच तर! भारी काटेकोर."

"मग या मापापुढे काय लिहिलंय, वाचा."

त्यांनी चष्मा लावला आणि ते वहीवर वाकले. तिथे पान नंबर नव्हता. त्यांचं नाव होतं, आणि अपघाताच्या आदल्या दिवसाची तारीख.

"मलाही ते माप कुणीतरी फॉरवर्ड केलं होतं गं."

"बाबांनी तुम्हाला पुस्तकाइतकं मानलं. आता टाका फोटो. नाव दिसेल असा. आणि खाली लिहा, या मापाने रायफल फुटली."