बेसिनवरची बाई

जेवणाच्या टेबलावर आरसा पालथा पडला होता. त्याच्या पाठीवरून लेझरचा निळा ठिपका पुढेमागे फिरत होता आणि घरभर जळक्या रंगाचा वास सुटला होता. सून भाजीचं पातेलं हातात धरून उभी होती, कारण ते ठेवायला जागा नव्हती. कोरकामाचं हे यंत्र घरात आल्यापासून सगळे पलंगावर बसून जेवत होते.

"आज तरी होणार आहे का हे?" तिने विचारलं.

नवऱ्याने डोळ्यांवरचा मोठा चष्मा न काढता नुसती मान हलवली. खिडकीला बांधलेला पंखा धूर बाहेर टाकायच्या नावाखाली घरघरत होता.

हा तिसरा आरसा. पहिल्यावर त्याने आईचं नाव कोरलं होतं, म्हणजे आरशात कोण आहे ते तिला वाचून तरी कळावं. पण आरसा मागच्या बाजूने कोरायचा, तर अक्षरं यंत्राला उलटी द्यावी लागतात, हे त्याच्या डोक्यात शिरलं ते आरसा भिंतीवर चढल्यानंतर. दुसऱ्या आरशात अक्षरं सुलटी उमटली. सासूबाईंनी ती एकेक करून वाचली आणि आरशातल्या बाईला म्हणाल्या, "माझं नाव लावून फिरतेस? लाज नाही वाटत?"

स्वतःचा चेहरा तेवढा त्यांच्या ओळखीतून गेला होता. मुलगा, सून, औषधाच्या गोळ्यांचे रंग, सगळं ध्यानात होतं. पण सकाळी बेसिनपाशी गेल्या की आरशातली म्हातारी समोर यायची आणि भांडण जुंपायचं. ही आपल्याआधी नळ अडवून बसते, ही टक लावून बघते, हिने माझ्यासारखीच साडी कशी घेतली. तोंड धुवायचं राहून जायचं, चहाचं पाणी व्हायचं, आणि दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसणारी सून धापा टाकत पोचायची तोवर समोर रांग लागलेली असायची. लोक तिच्याकडे बघायचे ते तिनेच त्यांना आजारी पाडल्यासारखे.

सरळ आरसा काढून टाका, हे सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं. मग मी दाढी कशात करू, हे नवऱ्याचं ठरलेलं उत्तर. तिने पडदा लावून पाहिला. सासूबाईंनी तो ओढून काढला. ती बाई मागे लपून बसली आहे याबद्दल त्यांची खात्री होती.

शेवटी नवऱ्यानेच शक्कल काढली. आई कमरेत वाकलेली, तो ताडमाड. आईच्या डोक्याच्या थोडं वरपर्यंत दाट पानं कोरायची, अशी की चेहरा दिसायला फट म्हणून राहू नये. वरचा भाग दाढीपुरता मोकळा.

"आणि मी?" सुनेने विचारलं होतं.

त्याने टेप आणून तिची उंची मापली आणि तिला डोळे आणि भांग दिसेल असं सांगितलं. बाकीचं तोंड तिला पाठ असेलच, असंही वर म्हणाला. ती भांडी घासायला निघून गेली, आणि त्या दिवशी भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला.

संध्याकाळी आरसा लागला. पानं सुरेख उतरली होती. शिरा, देठ, एकावर एक आलेल्या कडा, सगळं पांढरं, धुक्यासारखं. हे कबूल करणं तिच्या जिवावर आलं, म्हणून ती एवढंच म्हणाली, की आता टेबल रिकामं करा.

दुसऱ्या दिवशी सासूबाई उठल्या आणि बेसिनकडे गेल्या. नवराबायको दाराआड कान देऊन उभे राहिले. नळ वाजला. चूळ भरल्याचा आवाज आला. नळ बंद झाला. सासूबाई टॉवेलने तोंड पुसत बाहेर आल्या आणि मुकाट्याने टेबलापाशी बसल्या. नवऱ्याने बायकोकडे असं पाहिलं की जणू गड जिंकला. तिला राग आला, पण त्याहून हायसं वाटलं. तिने पर्स घेतली, चपला घातल्या. आज रांगेच्या आधी खिडकी उघडता येणार होती.

सासूबाईंनी चहाला हात लावला नव्हता. त्या उठल्या, पुन्हा बेसिनपर्यंत जाऊन आल्या, आणि हळूच विचारलं, "ती कुठे गेली?"

मुलगा उत्साहाने म्हणाला, की गेली, आता ती काही यायची नाही, तुला आता कुणी त्रास द्यायचं नाही.

"तुम्ही घालवलीत?"

तो हो म्हणायला गेला आणि आईचा चेहरा पाहून थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं. ती एक हात कडीवर ठेवून उभी होती.

"उलट बोलायची ती," सासूबाई म्हणाल्या. "पण बोलायची तरी." मग त्यांचा आवाज चढला. "आमचं भांडण आमच्यात होतं. तुम्हाला मध्ये पडायला कुणी सांगितलं होतं?"

त्या परत आत गेल्या. बराच वेळ नळाचा आवाज आला नाही, तेव्हा सून चपलांसकट आत डोकावली. सासूबाई एका हाताने बेसिन घट्ट धरून, टाचा उचलून, पानांच्या वरून पलीकडे बघायची धडपड करत होत्या.