दसऱ्याची वायर
"मशीनला एसी, आणि आमच्या पायांचं लाकूड!" डोंबिवलीच्या कॉम्प्युटर खोलीत चपला दाराबाहेर काढून गारठत बसलेले हरिहरकाका पुटपुटले. शेजारच्या टेबलावरची प्रमोदिनी हसली नाही. ठाण्याच्या रक्तपेढीचा कॉम्प्युटर सकाळीच बंद पडला होता; त्यातल्या नोंदींची रोज एक कॉपी इथल्या मशीनवर उतरायची. तिथे एका बाळंतिणीला दुर्मिळ गटाचं रक्त हवं होतं. दिवाळीच्या शिबिरात सापडलेल्या तशा दात्यांचे पत्ते डोंबिवलीतल्या या कॉपीत असणारच, म्हणून ठाणेकर फोन धरून होते. ऑफिसचे साहेब फोनवर तिसऱ्यांदा म्हणाले, "काढतोय, काढतोय." काढणार कुठून? दसऱ्याला मशीनची पूजा करताना ठाण्याला जोडणारी वायर उपटली, ती कुणी परत जोडलीच नव्हती. रोज पडद्यावर 'कॉपी झाली नाही' यायचं आणि तिघंही आळीपाळीने बटण दाबून ते घालवायची. साहेब जमिनीकडे बघत होते, काका छताकडे. प्रमोदिनीने साहेबांच्या हातातला रिसीव्हर घेतला. "आमच्यासाठी थांबू नका. ती नावं आमच्याकडे नाहीतच, दादा. दुसरीकडे शोधा, लगेच."