आर्लनचा सात

गेलनने दुधाचा कॅन ओसरीवर ठेवला, वरची चादर ओढली आणि एल्वेराकाकूंच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. कॅन लखलखत होता.

आमच्या नेब्रास्कातल्या पाच छोट्या कॉलेजांची फुटबॉल लीग बुडाली त्याला पन्नास वर्षं होत आली. दोन कॉलेजं मोठ्या लीगमध्ये पळाली, दोनांना टाळं लागलं. आता गेलनचं कॉलेजही उठलं आणि कपाटातल्या ढाली भंगारात निघाल्या. हा कॅन म्हणजे लीगची मानाची ढाल, तो गेलनने मागून घेतला. दर पानगळीत काकू गाडी हाकत कॉलेजात येतात आणि कॅनपुढे उभ्या राहतात, हे त्याने पाहिलं होतं. बिचाऱ्याने सगळं रीतीप्रमाणे केलं, त्याला नावं ठेवायची सोय नाही.

रीत अशी, की कॅन वर्षभर जिंकणाऱ्याकडे. हरलेल्या कप्तानाने मैदानातच त्यावर पुढचं साल स्वतःच्या हाताने लिहायचं; म्हणजे पुढच्या वर्षी मी नेतोच, असा शब्द. आणि कॅन दुसऱ्याला देताना जुना रंग खरवडून, नवा लावून, सगळी सालं अन् गुण पुन्हा सुबक काढून द्यायचे.

शेवटचा सामना गेलन जिंकला, काकूंचा मुलगा आर्लन हरला. आर्लनने लिहिलं, १९७०. पण उन्हाळ्याआधीच लीग मोडली, तो सामना झालाच नाही. आर्लन व्हिएतनामहून पेटीतून आला.

"आमच्याकडून कॅन कधी मळका गेला नाही, काकू," गेलन म्हणाला. "पार पत्र्यापर्यंत खरवडला. आर्लनचा तो वाकडा सातही सरळ केला बघा. थंडीने हात कापत होता त्याचा. काय हसलो होतो आम्ही!"

काकूंनी सातावर बोट फिरवलं. छान सात होता, कोणाचाही असेल असा. छान झालाय म्हणाल्या, त्याला कॉफी दिली, दालचिनीचा रोल आग्रहाने दुसऱ्यांदा वाढला. गेलन खुशीत ट्रककडे निघाला.

"गेलन," काकूंनी मागून हाक मारली. "खरवडलेला रंग कुठे टाकलास रे?"

"गॅरेज झाडलं अन् दिला कचऱ्यात. का हो?"

काकू खुंटीवरचा कोट काढत होत्या.

"तुमच्याकडे कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते?"