उलटा टाका

“आपलीच बाहुली! आणि आपल्यापेक्षा स्वस्त!” थोरलीने मोबाइल टेबलावर आपटला. चहा बशीत सांडला.

धाकट्या जावेने सुई बाजूला ठेवून पाहिलं. कुठलंसं नवं ऑनलाइन दुकान. त्यात लांब वेण्यांची कापडी बाहुली, हुबेहूब त्यांच्या दुकानातली. फोटो मात्र अंधारे आणि तिरपे.

“योगायोग असेल, ताई.”

“योगायोग कसला, डोंबलाचा! चोरी आहे ही. आणि चोर कोण, तेही मला ठाऊक आहे.”

थोरलीचं ऑनलाइन दुकान आत्ता कुठे बाळसं धरत होतं. जेवणाच्या टेबलावर सुरू झालेलं काम आता मागच्या खोलीतही मावेना. कापड, कापूस, खोकी, चिकटपट्ट्या, सगळा पसारा. दुकानाच्या पानावर थोरलीचा हसरा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, ‘माझ्या हातची बाहुली, एकेक टाका मायेचा.’

शिवायची धाकटी. ती डावखुरी, त्यामुळे तिचा टाका उलट्या बाजूला कलायचा. सुरुवातीला थोरलीने त्यावरून तिला चांगलंच फैलावर घेतलं होतं. मग एका गिऱ्हाइकाने नेमकं त्या टाक्याचंच कौतुक केलं. थोरलीने लगेच पानावर लिहून टाकलं, ‘पाठीवरचा उलटा टाका ही माझी खूण. कुणी नक्कल करून दाखवावी!’

“माझंही नाव घाला ना तिथे,” धाकटी एकदा म्हणाली होती.

“अगं, तू काय परकी आहेस का?” थोरली म्हणाली, आणि विषय तिथेच संपला. रोज सकाळी ती लोकांचे अभिप्राय मोठ्याने वाचायची. कुणी पाच स्टार दिले की स्वतःवरच खूश व्हायची. धाकटी ऐकत ऐकत बाहुलीच्या पोटात कापूस भरायची.

तर चोर. थोरलीच्या मते ती फोटोवाली. शाळेपासूनची मैत्रीण. दुकानाचे सगळे फोटो तिनेच काढलेले, त्यामुळे नवी बाहुली सगळ्यांत आधी तिच्या हातात जायची.

“पण ती इतके वाईट फोटो काढेल का?” धाकटीने विचारलं.

“मुद्दाम काढलेत! ओळखू येऊ नये म्हणून. तू फारच भोळी आहेस बाई.”

थोरलीने सापळा लावला. एक अगदी नवीन बाहुली करून घेतली. डोळ्यांवर चष्मा, एक बूट लाल, दुसरा निळा. ती पानावर टाकली नाही, नवऱ्यालासुद्धा दाखवली नाही. पिशवीत दडवून थेट फोटोवालीकडे गेली.

“तुझ्याशिवाय कुणीही पाहिलेली नाही हं ही,” ती साखरेसारख्या आवाजात म्हणाली.

“मग माझ्याकडून कुठे जाणार आहे?” फोटोवाली हसली आणि दिवा सरकवायला उठली.

रविवारी धाकटी नेहमीसारखी उरलेल्या चिंध्यांची पिशवी घेऊन माहेरी जाऊन आली. सोमवारी दुपारी त्या दुकानात चष्मेवाली बाहुली झळकली. एक बूट लाल, दुसरा निळा.

थोरलीला रागापेक्षा आनंदच जास्त झाला. आता ती थोडीच सोडणार होती! फोटोवाली ज्यांचं ज्यांचं काम करायची, त्या सगळ्यांना तिने हुडकून कळवलं, हिच्या हातात नवा माल देऊ नका, विकून खाईल. एक दुकान फोटोवालीपासून फुटलं, दुसरं फुटलं, मग रांगच लागली.

फोटोवाली दारात आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते.

“शपथेवर सांगते, मी नाही गं.”

“मग कोण? भुताने नेली?” थोरलीने तिच्या तोंडावर दार लावलं. कित्येक दिवसांनी थोरलीचा जीव थंड झाला.

“फार झालं का हो, ताई?” धाकटी मागून म्हणाली. “तिचं पोट आहे त्यावर.”

“तुझ्या पोटात का दुखतंय? काम कर.”

धाकटीने मान खाली घातली आणि काम केलं.

फोटोवालीने स्टुडिओची पाटी उतरवली. पण ते दुकान काही बंद पडेना. उलट तिथले फोटो एकाएकी झकास झाले. उजेड कसा, सावली कशी, बघत राहावं असे.

“बघ! आता लाजही सोडली मेलीने,” थोरली ओरडली. “उघड उघड स्वतःच काढतेय! थांब, चारचौघांत नाक कापते तिचं.”

शेजारणीच्या नावाने तिने तिथून चष्मेवाली मागवली. पार्सल आलं तसं तिने ते न फोडता टेबलावर ठेवलं, केस नीट केले आणि मोबाइल धाकटीच्या हातात दिला. आज लाइव्ह येणार, असं गिऱ्हाइकांना आधीच कळवलं होतं. बघणारे भराभर वाढत गेले.

“नमस्कार! आज मी तुम्हाला नक्कल कशी ओळखायची ते दाखवणार आहे,” थोरलीने आपल्या दुकानातली बाहुली पालथी केली. “हा बघा उलटा टाका. माझ्या हातचा. दुसऱ्या कुणाला सात जन्मांत जमायचा नाही. आणि आता ही चोरीची.”

तिने पार्सल फाडलं, चष्मेवालीला मानेला धरून बाहेर काढलं आणि तिची पाठ मोबाइलसमोर धरली.

“सांगा आता, आहे का काही साम्य?”

उत्तरं येत गेली, तशी थोरली पुढे वाकून वाचू लागली. आहे की, ताई. तोच टाका आहे. दोन्ही तुम्हीच शिवल्यात का?

तिने बाहुली स्वतःकडे वळवली. मानेपासून कमरेपर्यंत एकूणएक टाका उलट्या बाजूला कललेला होता.

तिने वर पाहिलं. मोबाइल जराही हलला नव्हता.

“शिवण आवडली असेल तर पाच स्टार द्या हं, ताई,” मोबाइलमागून धाकटी म्हणाली.