टॅबांच्या रांगेतील मोकळी जागा

एकदा घडवावा आणि कार्यालयातील सर्व प्रोग्रॅममध्ये बसवावा, असा ब्राउझरसारखा टॅबपट्टा त्या नव्या प्रोग्रॅमरने अडीच महिने खपून तयार केला होता. जितके टॅब, तितके पट्ट्याचे समान भाग, हा त्याचा मूळ नियम. चार वाजता तो साहेबांना दाखवायचा होता. जमले तर नोकरी कायम, नाहीतर घरचा रस्ता.

तीन वाजता शेजारी बसणाऱ्या, प्रोग्रॅममधल्या चुका तपासणाऱ्या ताईंनी त्यात तीन टॅब उघडले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अरे, हे चौघांच्या मापाने का आकसलेत? शेवटची जागा कोणासाठी राखलीस?"

"कोणासाठीच नाही, ताई. मोजणी तर तीनच दाखवतेय."

"मग पाहुणा आला असेल तुझा!" असे म्हणून त्या हसत आपल्या कामाला लागल्या.

त्याने एक टॅब बंद केला. उरलेल्या दोघांनी तिघांचे माप घेतले. मोकळी जागा होती तिथेच राहिली.

त्याने माउसवरचा हात उचलला, तेव्हा ती जागा सरकू लागली. एखादा टॅब ओढून नेताना बाकीच्यांनी बाजूला व्हावे, ही सोय त्यानेच केली होती. त्याप्रमाणे दोन्ही टॅब अदबीने बाजूला झाले. जागा दुसऱ्या, ताईंच्या बाजूच्या कडेला पोहोचली आणि बाहेर पडली. कडेबाहेर ओढलेला टॅब पट्ट्यातून सुटून स्वतंत्र व्हावा, हीसुद्धा सोय त्याचीच.

दोन्ही टॅब पसरले. पट्टा पूर्ण भरला. काम निर्दोष झाले.

"ताई, जमलं," तो कसाबसा म्हणाला.

ताईंनी मान वर केली नाही. टाइप करता करताच, कोणाला तरी वाट द्यावी तशी, त्यांनी आपली खुर्ची बाजूला घेतली.