शेवटचा तुकडा कोण मोडणार

इल्दिकोने चॉकलेटची पाटी कागदातून सोडवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. रेकाने तिच्याकडे पाठ फिरवली.

“हे गणितच असणार,” ती म्हणाली.

“खेळ आहे गं. आळीपाळीने मोडायचं. आपल्या पाळीला कुठलाही एक तुकडा उचलायचा आणि रेघेवर सरळ मोडायचा. सगळे चौकोन सुटे होईपर्यंत. शेवटचं जो मोडेल तो जिंकला.”

“मग कर तूच सुरुवात.”

चार रांगा, दर रांगेत सहा चौकोन. आज पोरीला जिंकू द्यायचं, हे इल्दिकोने आधीच ठरवलं होतं. गणिताचा तास म्हटला की रेकाच्या पोटात दुखायचं, आणि थोरली बहीण एमेशे तिला ‘बटाटा’ म्हणून चिडवायची. म्हणून इल्दिको मुद्दाम वेंधळ्यासारखी खेळली. कधी कडेची एकच रांग मोड, कधी बरोबर मधोमध. तरी शेवटचा तुकडा तिच्याच हातून मोडला.

“बघ, मला हरवायलाच बसवलंस,” रेका पुन्हा पाठ फिरवून म्हणाली.

“नाही गं राणी. मी हरायलाच बघत होते.”

रेका वळली. आईच्या चेहऱ्याकडे तिने नीट पाहिलं. आई खरं बोलत होती.

“मग हरून दाखव.”

चॉकलेट तर मोडून झालं होतं. इल्दिकोने चौकटीच्या कागदावर तेवढेच चौकोन आखले आणि कात्री आणली. सुरुवात पुन्हा तिनेच केली. या वेळी रेका टेबलावर कोपरे टेकून तिचा हात न्याहाळत होती. इल्दिको पुन्हा जिंकली. शेगडीवरचं मिरचीचं कालवण तळाला लागल्याचा वास आला, तेव्हा तिने उठून नुसता गॅस बंद केला आणि परत येऊन बसली.

“असं का होतंय?” रेकाने विचारलं.

“मला नाही माहीत,” इल्दिको म्हणाली. “औषधाच्या दुकानातल्या मार्ताने मला नियम तेवढे सांगितले.”

रेकाने कात्री ओढून घेतली. नव्या कागदाला एक काप दिला, तुकडे मोजले. आणखी एक दिला, पुन्हा मोजले. तिसऱ्या वेळी ती थांबली.

“आई, कुठूनही काप, एकच तुकडा वाढतो. दोन कधीच वाढत नाहीत.” तिचा आवाज खाली आला. “म्हणजे किती वेळा कापायचं ते आधीच ठरलेलं असतं. चोवीस चौकोनांना तेवीस काप, म्हणजे पहिला आणि शेवटचा काप एकाचाच. आपण उगाच डोकं लावतोय.”

दार वाजलं. एमेशे गणिताच्या शिकवणीवरून आली होती.

“काय गं बटाट्या, कातरकाम चाललंय?”

“खेळतेस?” रेकाने नियम सांगितले आणि चोवीस चौकोनांच्या कागदाला पहिला काप स्वतः दिला. एमेशे विचार करकरून कापत होती. रेका खिडकीबाहेर ट्राम बघत कापत होती. रेका जिंकली.

एमेशे हसली. “आलं लक्षात. जो सुरू करतो तो जिंकतो. आता मी आधी.”

“कर ना,” रेका म्हणाली. तिने तेवढ्याच चौकोनांचा नवा कागद पुढे सरकवला, आणि सरकवता सरकवता त्याचा एक कोपऱ्यातला चौकोन कातरून टाकला. “हा उंदराने खाल्ला.”

एमेशेने सुरुवात केली. आणि हरली.

“तू केलंस काय?”

“उंदराने काय केलं ते विचार.”

इल्दिको सांगायला तोंड उघडणार, तोच एमेशेने हात वर केला. “आई, बोलू नकोस.” अंगातला कोटही न काढता तिने खुर्ची ओढली, कोपरा नसलेला आणखी एक कागद कापून घेतला आणि त्याच्यावर वाकली.

रेका पाय हलवत बसून राहिली. दुसऱ्या कुणाला गणित सुटेपर्यंत थांबायची पाळी तिच्यावर आजवर कधी आली नव्हती.