हातभर रीळ

पालमच्या बसस्टँडजवळ माझं टेप दुरुस्तीचं दुकान होतं. सरजाबाईंनी नामांतराच्या सभेत भरलेली गाण्यांची कॅसेट आणून दिली. सुरुवातीचं रीळ चुरगळल्यामुळं ती अडकायची. मी तेवढं हातभर रीळ कापून टाकलं आणि पुढचं नीट जोडून दिलं.

“एकबी गाणं गेलं न्हाई, मावशी. पहिलं हॅलो हॅलो तेवढं गेलं.”

“कापलेलं कुठं टाकलं?”

मी दुकानामागं बोट दाखवलं; तिथला कचरा सकाळीच पेटवला होता. त्या तिथं बसून दोन्ही हातांनी राख उकरायला लागल्या.

“मावशी, हात भाजतील. गाणी समदी हायती की.”



“गाणारे समदे जित्ते हायती, बाबा. हॅलो म्हणणारं माझं लेकरू व्हतं.”